वेळेचा शब्द शेवटी

मी एक शाळेची डायरी आहे. निळ्या कव्हरची. जूनअखेर अमरावतीच्या एका इंग्रजी शाळेनं मला तिसरीतल्या नीलमच्या हातात ठेवलं. नीलम आरटीईच्या मोफत जागेवरची. बाकीच्या पोरांना माझ्यासोबत पुस्तकांचा गठ्ठा मिळाला. तिला मी एकटीच मिळाले.

शाळेला काही सांगायचं तर माझ्यातच लिहायचं, तेही इंग्रजीत, असा नियम. नीलमची आई माया सातवी शिकलेली. तिनं मोबाईलमध्ये पाहून एकेक अक्षर रांगोळीसारखं काढलं : पुस्तकं कधी मिळतील? खाली मॅडमचं उत्तर आलं, 'टुमारो'.

"काय लिवलं वं?"

"उद्या, आई."

मायानं त्याच दिवशी खाकी कव्हरं कापून ठेवली.

आठ दिवसांनी पुन्हा विचारलं, तर 'नेक्स्ट वीक'. दिवाळीआधी 'शॉर्टली'. तो दिवस मायाला कॅलेंडरात कुठंच सापडेना.

सासू मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुई मॅडम पुस्तकं देऊन राहिली का झुलवून राहिली?"

माया मला पुन्हापुन्हा उघडायची. पोरगी मागं पडेल, या भीतीनं तिची बोटं ओली व्हायची आणि माझी पानं कोपऱ्यांत दुमडायची. वर्गात नीलम बाजूच्या मुलीच्या पुस्तकात डोकवायची. ती मुलगी पान हातानं झाकायची.

मग वर्गात भविष्यकाळाचे शब्द शिकवले. नीलम घरी म्हणाली, "इंग्रजीत वेळ शेवटी लिवतात, आई."

"आपल्यात त पयले वेळ सांगतात, मंग काम."

नीलमनं वाक्यं केली. 'माझी पुस्तकं उद्या येतील. पुढच्या आठवड्यात येतील. लवकरच येतील.' इंग्रजीत सगळे शब्द अगदी जागच्या जागी. मॅडमनं पाचपैकी पाच गुण दिले आणि माझ्यात शेरा लिहिला, 'व्हेरी गुड'. वाक्यं तपासली, वाचली नाहीत.

मायानं शेऱ्याखाली सही केली. पालकाची सही लागतेच.

एप्रिलात मॅडमनं लिहिलं, 'इंग्लिश एक्झाम टुमारो'. माझ्या पानांवरचा हा एकच टुमारो दुसऱ्या दिवशी खरोखर आला. नीलम अर्धा पेपर कोरा ठेवून घरी आली.

ती खाकी कव्हरं आता फळीवर डब्यांखाली अंथरलीत. मी रद्दीच्या पिशवीत आहे. आज चौथीची नवी डायरी आली, पुन्हा एकटीच. मायानं तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं, 'प्लीज गिव्ह बुक्स टुडे'. या वेळी मोबाईल पाहिला नाही.

मॅडम, त्यातला शेवटचा शब्द तेवढा वाचा.