बिनघोड्याची बंदूक

कमळूने तर्जनी वाकवून बंदुकीच्या पाठीवरच्या घोड्यावर ठेवली आणि मागे ओढली. घोडा अर्ध्यापर्यंत आला, बोटावरून निसटला आणि खाडकन जागेवर जाऊन बसला. बंदूक रिकामी होती, तरी दुकानदार, कमळूची बायको बाईजा आणि पुतण्या हरेश तिघेही दचकले. कल्याणच्या त्या अरुंद दुकानात आवाजाला जायला जागाच नव्हती.

"घामानं सटकला," कमळू म्हणाला आणि त्याने हात लेंग्याला पुसला.

घामाचा काही संबंध नव्हता, हे चौघांनाही कळत होतं. कमळूच्या उजव्या हाताला अंगठाच नव्हता. मागे एका पावसाळ्याअखेरीस त्याच्या बापाच्या वेळची ठासणीची बंदूक त्याच्या हातात फुटली होती. दारूला ओल लागली असेल या शंकेने त्याने चिमूटभर जास्त ठासली, आणि दारू निघाली कोरडी ठणठणीत. डुक्कर पळालं ते पळालंच, वर अंगठा गेला. तेव्हापासून तो जेवताना घास चार बोटांनी उचलायला शिकला, विळा धरायला शिकला, बैल जुंपायलाही शिकला. बंदुकीचा घोडा मात्र अंगठ्यावाचून ओढायचा कसा, हे त्याला कुणी शिकवू शकलं नव्हतं.

त्यांची आंबेमाळ ही वाडी मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून बसलेली. भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी थेट रानात शिरलेली. भात पोटरीत आलं की रानडुकरांचा कळप उतरायचा आणि जेवढं खायचा त्याच्या चौपट लोळून मोडायचा. पीक राखायचा परवाना अख्ख्या वाडीत एकट्या कमळूच्या घरात होता. घराला बंदूकवाल्यांचं घर म्हणत. बंदूक फुटल्यावरही म्हणत, पण आता त्यात थोडी चेष्टा असायची, आणि कमळू ती ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

सरकारदरबारी खेटे घालून नवी बंदूक घ्यायची परवानगी अखेर आली होती. मुदत महिनाअखेरीस संपत होती. त्याआधी बंदूक आणून नोंदवली नाही तर परवाना जाणार होता. कमळूने घरात सांगून टाकलं, की बंदूक आणू आणि भावाच्या पोराच्या, हरेशच्या हातात देऊ. त्याचं नाव परवान्यावर चढवू. आपण आता राखणीच्या माळ्यावर बसून काय करणार, पिपाणी वाजवणार? हे सांगताना तो मोठ्याने हसला. बाईजाने त्या हसण्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या बाजाराला दोन बोकड विकून आली. हिरड्याचे पैसे तिने आधीच बाजूला ठेवले होते.

म्हणून आज तिघं पहाटेच्या एसटीने आली होती.

दुकानदाराने घोडेवाली एकनळी पुन्हा हातात घेतली. कारखान्यातून आलेली, नवी कोरी. हरेशच्या मनात ती केव्हाच भरली होती. तो तिचा दस्ता तळहाताने चोळत होता. पोरगा वाईट नव्हता. त्याला फक्त आपण आधीच बंदूकवाला झाल्यासारखं वाटू लागलं होतं.

"काका, डाव्या हातानं घोडा वढायचा," त्याने सुचवलं.

"आन नळी कोन धरील, तुझा बाप?"

"मग आधीच वढून बसायचं."

यावर कमळूने त्याच्याकडे असं पाहिलं की हरेशने दस्ता चोळणं थांबवलं. घोडा ओढून माळ्यावर बसणारा माणूस पहिल्या डुलकीला कुणाची तरी म्हैस मारतो, नाहीतर माणूस. हे त्याला समजावून सांगायला कमळूच्या अंगात त्या घटकेला जोर नव्हता. आपल्या बायकोसमोर, पुतण्यासमोर आणि एका परक्या शेठसमोर बोट निसटलं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

दुकानदार समजूतदार होता. त्याने घोडा आत दडलेली एक विलायती बंदूक काढली. उघडली की आपोआप चढायची, म्हणजे बाराला तयार व्हायची, अंगठ्याचं कामच नाही. कमळूचे डोळे चमकले. मग दुकानदाराने किंमत सांगितली आणि बाईजाने पदराची गाठ मुठीत घट्ट धरून भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्या पैशात आंबेमाळची निम्मी बोकडं आली असती.

"ऱ्हाऊ द्या शेठ," कमळू म्हणाला. "ती घोडेवालीच बांधा. पोरगा चालवील."

झालं. हरेशने श्वास सोडला. दुकानदाराने पावतीपुस्तक ओढलं. पण भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईजाला तिथे, कपाटाच्या आणि भिंतीच्या बेचक्यात, तेलाच्या डब्यामागे एक काळपट बंदूक उभी दिसली. तिच्या बोटाने ओढायच्या चापाखाली लोखंडाची एक लांबट कडी होती.

"तिला ती कडी कशापायी?" तिने विचारलं.

दुकानदाराने मान वर केली आणि हसला. ती लिव्हरची, म्हणाला. कुठल्याशा इस्टेटीवरच्या पहारेकऱ्याची. कित्येक वर्षं पडून आहे. कुणी घेत नाही, कारण गिऱ्हाइकाला घोडा दिसला नाही की ती बंदूकच वाटत नाही. काडतूस मात्र साधंच, बारा नंबरचं.

"घोडा नाय तर चढती कशी?"

"ती कडी खाली ओढायची, मावशी. बस."

बाईजा नवऱ्याकडे वळली. कमळूला तिच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की तो स्वतःच पुढे झाला, डबा सरकवला आणि बंदूक बाहेर काढली. दस्त्याचा एक टवका उडालेला होता, नळीचा काळा रंग हात लागून लागून गेला होता. त्याने चारही बोटं कडीत घातली. बोटं बरोब्बर मावली. त्याने कडी खाली दाबली. आतलं लोखंड अलगद उतरलं, नळीचं तोंड उघडं झालं आणि कुठेतरी खोल आत काहीतरी टक् करून बसलं. त्याने कडी वर घेतली. बंदूक मिटली. दुकानदाराने खूण केल्यावर त्याने चाप ओढला, आणि चाप कोरडा, स्वच्छ वाजला.

त्याने पुन्हा कडी ओढली. मग पुन्हा. अंगठा असता तर तो या कामात नुसता बाजूला उभा राहिला असता.

"काका, किती जुनी हाय ती," हरेश म्हणाला. "लोक हसतील."

"हसू दे," कमळू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. "शेठ, हीच बांधा."

घासाघीस बाईजाने केली. जी वस्तू इतकी वर्षं तेलाच्या डब्यामागे उभी होती तिला भाव सांगायला दुकानदारालाच जड जात होतं, आणि बाईजाने त्याचं ते ओझं बऱ्यापैकी हलकं केलं. उरलेल्या पैशात काडतुसं आली आणि सरावाला मूठभर रिकामी टरफलं दुकानदाराने तशीच दिली.

लोक हसले, अगदी हरेश म्हणाला तसेच. मुरबाडला पोलीस ठाण्यात नोंद करून तिघं वाडीत पोचली तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती, की कमळूने बिनघोड्याची बंदूक आणली. धोंडीबाई नावाची शेजारीण तर मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, की बाई, हिला घोडा नाय आन हिच्या धन्याला अंगठा नाय, जोडा बरा जमला. कमळू सगळ्यांबरोबर हसला. या वेळचं हसू खरं होतं. हरेश मात्र दोन दिवस तोंड पाडून होता.

दसऱ्याला खरी पंचाईत झाली. आंबेमाळला दसऱ्याची पूजा नांगराची, विळ्याची आणि बंदुकीची. बंदुकीला हळदकुंकू लावायचं ते घोड्यावर, हे बापाच्या बापापासून ठरलेलं. आता पाटावर बंदूक ठेवलेली, भोवती बायापोरं जमलेली, आणि बाईजा हळदीचं बोट वर धरून थांबलेली. कुणीतरी सुचवलं नळीला लाव, कुणी म्हणालं दस्त्याला. बाईजाने क्षणभर विचार केला आणि कडीला आडवी पाच बोटं ओढली.

पडवीत बसून कमळू रोज सराव करायचा. कडी ओढायची, टरफल पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत धरून आत सारायचं, कडी मिटायची. सुरुवातीला टरफलं गडगडत अंगणात जायची आणि कोंबड्या त्यांच्यामागे धावायच्या. हळूहळू कोंबड्यांनी धावणं सोडलं. मग एक दिवस त्याने जेवता जेवता, बाईजाशी भाजीतल्या मिठावरून वाद घालत, न बघता बंदूक भरली, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. बाईजाच्या आलं. मिठाचा वाद तिने तिथेच सोडून दिला.

कळप उतरला तो भात पिवळं पडायला लागल्यावर, एका भल्या पहाटे. उजाडायला लागलं होतं, खाचरांवर धुकं होतं. माळ्यावर कमळू आणि हरेश बसले होते. परवान्यावर हरेशचं नावही चढलं होतं, आणि काकाचा हात ऐनवेळी अडला तर बंदूक आपण घ्यायची, असं तो मनात धरून बसला होता. तसं तो बोलला नव्हता, पण कमळूला समजायला बोलायची गरज नव्हती.

आधी भात हललं. मग वरच्या बांधावरून पाठोपाठ डुकरं उतरली, माद्या, पिल्लं, आणि सगळ्यांच्या मागे एक जुना, खांद्याने उंच नर. कमळूने बंदूक खांद्याला लावली. नळीचं टोक हलताना त्याला दिसत होतं. पुन्हा हातात फुटली तर, हा विचार आला. तो आला तसा त्याने येऊ दिला आणि चाप ओढला.

बार झाला. बांधाची माती उडाली. नेम हातभर आखूड पडला होता.

कळप उधळला. पण म्हातारा नर रानाकडे न जाता, चिडून, सरळ खाली माळ्याच्या दिशेने आला. हरेशने "काका!" म्हणत बंदुकीकडे हात टाकला. तो हात पोचायच्या आत कडी खाली गेली होती, टरफल उडालं होतं, दोन बोटांच्या चिमटीतलं काडतूस आत बसलं होतं आणि कडी मिटली होती. दुसरा बार झाला. नर पुढच्या पायांवर बसला, नाकाने चिखल नांगरत थोडा पुढे आला आणि खाचराच्या कडेला आडवा झाला.

 धुक्यात दारूचा वास राहिला होता. खाली वाडीत कुत्री भुंकायला लागली, दारं वाजली. कमळूने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चारही बोटं जागेवर होती. त्याला इतका आनंद झाला की माळ्यावरून उतरायचंच त्याला सुचेना.

जंगलखात्याचा गार्ड येऊन पंचनामा करून गेला, त्याआधी आणि त्यानंतरही लोक येतच राहिले. ज्याला त्याला दोन्ही बारांमधला वेळ किती कमी होता हे ऐकायचं होतं, आणि ते सांगायचं काम हरेश करत होता. प्रत्येक सांगण्यात तो वेळ आणखी आखडत चालला होता. धोंडीबाईने चहा आणून दिला आणि जाता जाता ती कडी पुन्हा एकदा वाकून बघून गेली.

उन्हं वर आल्यावर अंगण रिकामं झालं. हरेश घुटमळत उभा राहिला.

"काका, मला दावा ना एकदा."

कमळूने बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि त्याच्या हातात दिली. हरेश अंगणाच्या कडेला जाऊन, रानाकडे तोंड करून उभा राहिला. त्याने दस्ता खांद्याला लावला. चार बोटं कडीत घातली. मग, काहीतरी राहून गेल्यासारखं थांबून, त्याने आपला धडधाकट अंगठा आत दुमडला आणि तळहाताशी घट्ट दाबून धरला.

दारातून बाईजाने ते पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"दस्ता जरा वर घे," कमळू म्हणाला. "हां. आता वढ."