रिकामी डबी वाजली तेव्हा

"बाबा, तुम्हाला नक्की कसला आजार आहे हो?"

ईराने हा प्रश्न विचारला तेव्हा रविवारची सकाळ होती आणि बाबांचा अंगठा माझ्या झाकणावर होता. खरं तर प्रश्न विचारायची पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती. पिंकी आणि सरू दोघी वही मागायचं निमित्त करून दारातच उभ्या होत्या. "इचारून दाखव गो! नायतर महिनाभर आमच्या सायकलींत हवा तू भरायची," असं पिंकीने तिला बजावलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. पेणला रामवाडीत राहणाऱ्या अंबरीश सरांच्या, म्हणजे ईराच्या बाबांच्या, शर्टाच्या खिशात माझं घर आहे. मी बोटभर लांब आहे आणि मला दोन्ही टोकांना झाकणं आहेत. आज मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे. आधीच सांगते, मी रागावलेली आहे. मला फसवलं आहे, आणि तेही दोनदा!

माझा जन्म एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. ठोक ठोक करून त्याने मला आकार दिला आणि चिंच लावून असं चमकवलं की माझ्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं. मला विकत घेतलं मोरोपंतांनी, म्हणजे ईराच्या आजोबांनी. ते धरमतरच्या धक्क्यावर नोकरीला होते. माझ्या एका टोकात चुना असायचा आणि दुसऱ्या टोकात तंबाखू. तंबाखू वाईट, हे मलाही कळतं, पण डबीला कोण विचारतो? आजोबा गेल्यावर मी चार वर्षं कपाटात पडून होते. तेवढ्या काळात तंबाखूच्या टोकाचं झाकण कळकून गच्च बसलं. तिकडेही झाकण आहे हे घरात सगळे विसरून गेले.

मग बाबांना रोह्याच्या शाळेत नोकरी लागली. पहाटे उठायचं, उपाशीपोटी दोन कप चहा ढोसायचा आणि मोटरसायकलवरून नागोठणेमार्गे रोहा गाठायचं. थोड्याच दिवसांत त्यांच्या छातीत जळजळायला लागलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी एक. बाबांनी मला घासूनपुसून चुन्याच्या टोकात गोळ्या भरल्या. पण पितळेत गोळ्या खडखड वाजायच्या, आणि वर्गात सरांचा खिसा वाजला की मुलं हसायची. म्हणून बाबांनी डॉक्टरांच्याच कागदाची चौघडी घातली आणि माझ्या तळाशी गादीसारखी बसवली. आवाज बंद!

त्या गादीचा मला काय अभिमान होता म्हणून सांगू! वाटायचं, मी आता चुन्याची डबी राहिले नाही, मी औषधाची डबी झाले. बाबा सगळ्यांना सांगायचे, "मी पाकीट विसरेन, पण ही डबी नाही." नाक्यावरचा औषधवाला त्यांना बघूनच पाकिटं काढायचा. "सर, नेहमीचंच ना?" कागद त्याने कधी मागितला नाही आणि बाबांनी कधी दाखवला नाही. अशी नऊ वर्षं गेली.

मग जानेवारीतला तो शनिवार आला. ईराची वक्तृत्व स्पर्धा रोह्याला होती, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच माईकसमोर उभी राहणार होती. मुली शाळेच्या टेम्पोने पुढे गेल्या. बाबा मागून मोटरसायकलवर निघाले. नागोठण्याला त्यांनी खिसा चाचपला. मी नव्हते! मी घरी, फ्रीजवर राहिले होते. दुपारची वेळ होती, सकाळची गोळी तर पोटात गेलेली होती. तरीही त्यांनी गाडी परत वळवली. मला घेऊन ते रोह्याला पोचले तेव्हा ईराचं भाषण झालं होतं, बक्षीस मिळालं होतं, आणि मुली टेम्पोत बसत होत्या.

"काय गो, तुजा बाबा डबी आनाय गेलेला? कसली गोळी हाय ती एवडी?" सरूने विचारलं. ईराने ते बाबांना कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांना विचारायची पैज तिथेच लागली.

तर रविवारी सकाळी त्या प्रश्नावर बाबा म्हणाले, "ॲसिडिटी आहे गं."

"ती तर मलापण होते, भजी खाल्ल्यावर. पण नऊ वर्षं?"

"डॉक्टरांनी दिलीय गोळी. मी काय मनाने घेतोय का?"

"मग कागद दाखवा."

बाबांनी कपाटातल्या सगळ्या फायली उपसल्या. वीजबिलं सापडली, विम्याची पत्रं सापडली, कागद काही सापडेना. शेवटी आई म्हणाली, "अहो, डबीत बघा ना. तुम्हीच घातला होता." ईराने मला टेबलावर उपडी केली, केसातली पिन घालून गादी ओढून काढली आणि मोठ्याने वाचली.

"एक गोळी, चार आठवडे. नंतर बंद. त्रास राहिला तर येऊन दाखवणे."

दारातून पिंकी हळूच म्हणाली, "चारच?"

मित्रांनो, मला वाचता येत नाही. नऊ वर्षं तो कागद माझ्या पोटात होता आणि मला वाटत होतं, ती माझी गादी आहे. ही झाली माझी पहिली फसवणूक. मात्र तेव्हा ती कोणी मुद्दाम केली नव्हती, म्हणून मी ती गिळली.

बाबा पडले मानी. "आजपासून गोळी बंद!" असं त्यांनी जाहीर केलं आणि मला फ्रीजवर ठेवून दिलं. ईराने आनंदाने उडीच मारली. तिने तो पिवळा कागद चुंबकाने फ्रीजच्या दाराला लावला. पण चारपाच दिवसांत बाबांची छाती पूर्वीपेक्षाही जास्त जळायला लागली.

पुढच्या रविवारी पिंकीच्या आजोबांनी, हैबतरावांनी, सगळ्यांना शेतावर पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी आणि ओवा घालायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मडकं उघडल्यावर जो वास सुटतो ना, त्याला तोड नाही! लागलीच तर म्हणून आईने मला पिशवीत घेतलं होतं, तिथेही मला तो आला. बाबांनी चार शेंगा खाल्ल्या आणि छाती धरून बसले.

"बघ ईरा, गोळीशिवाय माझं चालत नाही. सिद्ध झालं."

हैबतरावांनी निखारे सारता सारता विचारलं, "सर, किती वर्सांची गोळी?"

"नऊ."

"आन बंद कदी केलीत?"

"मागच्या रविवारी. एकदम."

म्हातारा हसला. "आमच्या बांधाला उघाडी हाय, बगितली ना? पानी सोडायचं दार. तिच्या सगल्या फल्या एकदम काडल्या तर पानी असं धावतं का बांदच घेऊन जातं. मंग मानूस म्हनतो, उघाडी वाईट. उघाडी वाईट नाय सर, काडनारा घायकुता. एक फली काडायची, पानी बसू द्यायचं, मंग दुसरी."

"पिंकी, तुझ्या आजोबांना डॉक्टर करायला हवं होतं," बाबा कुरकुरले.

"मंग इचारा की डॉक्टरांनाच," पिंकी फणकारली.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं! इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल, गोळी एकदम थांबवली की, काही आठवडे उसळी मारतं. आजार परत आला असं माणसाला वाटतं आणि तो पुन्हा गोळीला चिकटतो. काही लोकांना ही गोळी कायम लागते, म्हणून आपल्या मनाने ती सुरू करायची नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही. बाबांना मात्र आता तिची गरज दिसत नव्हती. बाईंनी आठ आठवडे आखून दिले. आधी कमी ताकदीची गोळी रोज, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. रात्रीचं जेवण लवकर आणि उपाशीपोटी चहा नाही.

ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते. ईराने फ्रीजवर त्या पिवळ्या कागदाशेजारी तक्ता लावला. दर रविवारी ती मला रिकामी करायची, पुसायची आणि आठवड्याच्या मोजक्या गोळ्या भरायची. बाबांनी सांगितलं की ती हिरवी खूण करायची. शाळेत ती छाती काढून सांगायची, "माझ्या बाबांनी नऊ वर्षांची गोळी निम्म्यावर आणली! आहे कोणाच्या बाबांची टाप?"

आणि मी? मला खरं माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात, रोह्याला शिक्षकांच्या खोलीत कोणी नसताना, बाबांनी एक नाणं घेऊन माझं दुसरं झाकण उचकटलं. आजोबांनंतर पहिल्यांदा! त्या अंधाऱ्या टोकात त्यांनी जुन्या, पूर्ण ताकदीच्या गोळ्या भरल्या आणि वरून जुन्या रुमालाचा तुकडा कोंबला. आवाज येऊ नये म्हणून! ज्या दिवशी तक्त्यावर गोळी नसायची, त्या दिवशी ते माझं ते टोक उघडायचे. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "ईरा, आज गोळी नाही हं. कर हिरवी खूण."

ती करायची. दोन्ही हातांनी पेन धरून, वळणदार!

सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? एका टोकाने मी लेकीशी खरी होते आणि दुसऱ्या टोकाने बापाच्या खोट्यात सामील होते. माझ्याच पितळेची मला लाज वाटली.

असे दोनअडीच आठवडे गेले आणि एक रविवार आला. बाबांनी तो रुमालाचा तुकडा धुवायला टाकला होता. ईराने माझ्या पहिल्या टोकातून उरलेली एकच गोळी काढली, मला पुसलं, आणि सवयीने कानाजवळ नेऊन हलवलं.

खड. खड.

मित्रांनो, मी लपवू शकले असते की नाही, मला माहीत नाही. पण मी जोरात वाजले. आत आता कागद नव्हता, रुमालही नव्हता.

"आई," ईरा म्हणाली, "रिकामी डबी वाजते कशी?"

तिने मला उलटी करून बघितलं. मग स्वयंपाकघरातून चमचा आणून दुसरं झाकण उचकटलं. पाच गोळ्या टेबलावर घरंगळल्या.

बाबा अंघोळ करून आले आणि तसेच थबकले. "अगं, त्या... वर्गात शिकवताना जळजळलं तर? चाळीस मुलं समोर असतात. मला भीती वाटते गं."

"जळजळलं का कधी?"

बाबा टॉवेलने कान पुसत राहिले. "नाही. पण भीती वाटते."

"किती घेतल्या?"

"सात. आठ असतील."

ईरा रडली नाही. मला वाटलं होतं, ती मला भिंतीवर फेकेल. तिने लाल पेन घेतलं आणि आपल्या आठ हिरव्या खुणांवर एकेक करून काट मारली. मग म्हणाली, "भीती वाटते हे मला सांगायचं होतं ना. मी काय हसले असते? मलापण माईकसमोर वाटते. त्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत असाल म्हणून मी उभी राहिले होते, आणि तुम्ही नव्हतात."

ही माझी दुसरी फसवणूक, आणि ती माझी एकटीची नाही. म्हणून, मुलांनो, माझी विनवणी आहे. तुमच्या घरी खिशात, फ्रीजवर, देवघराच्या कोनाड्यात माझ्यासारखी एखादी डबी असेल. तिच्यातली गोळी कधीपासून आहे आणि कधीपर्यंत घ्यायची, ते विचारा. कागद शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. घरातलं कोणी औषध कमी करत असेल तर नुसत्या खुणा मोजू नका. त्याला भीती वाटते का, तेही विचारा. आणि डब्यांना खोटं बोलायला लावू नका. आम्हाला तोंड आहे, पण बोलता येत नाही. फक्त वाजता येतं.

बाबा खुर्चीत बसले. आईने पाचही गोळ्या गोळा करून वाटीत ठेवल्या. ईराने माझी दोन्ही झाकणं उघडली, मला खिडकीतल्या उन्हात धरलं आणि आरपार बघितलं. मग ती आईबाबांच्या समोर उभी राहिली, अगदी माईकसमोर उभी राहावी तशी.

"माझं ठरलंय. उद्या आपण डॉक्टरीणबाईंकडे जायचं, आणि आठ गोळ्यांचं खरं तुम्ही स्वतः सांगायचं, बाबा. त्या नवा तक्ता देतील. त्याच्यावरच्या खुणा तुम्ही करायच्या, मी नाही. आणि सत्तावीस तारखेला रोह्याला अंतिम फेरी आहे. मी या डबीचं आत्मवृत्त बोलणार आहे. तुमचं नाव घेणार नाही. पण डबी मी टेम्पोतून माझ्याबरोबर नेणार. तुम्ही मागून या. नागोठण्याला खिसा चाचपलात तर तो रिकामाच असेल, आणि परत फिरून काही उपयोग नाही. डबी माझ्याकडे, स्टेजवर असेल. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची मी धरून ठेवणार आहे."