आंदणाचा फुटवा

वाळवंटाकाठच्या द्रा खोऱ्यातल्या एका गावी 'बायूद' या खजुराच्या रोगाचे नाव कोणी तोंडाने घेत नसे. खजुराच्या झावळीची एक बाजू पिसासारखी पांढरी पडली, की "झाड थकलंय" एवढेच म्हणत आणि ते मुळासकट खणून जागच्या जागी जाळून टाकत. हा रोग आणणाऱ्या मातीतल्या बुरशीपुढे आजवर कोणाचे काही चालले नव्हते.

संशोधक यामनाने तिच्याशी झुंजण्यात उभी हयात घालवली होती. बेडकाच्या कातडीत जंतूंना आणि बुरशीला मारणारे एक इवलेसे प्रथिन असते. ते घडवणारे जनुक तिने राबातच्या प्रयोगशाळेत खजुराच्या पेशींत उतरवले, रोपे वाढवली आणि त्या गावातल्या हद्दामावशीच्या ओसाड वाफ्यांवर जाळीचे घर उभारून त्यात लावली. त्या रोगट मातीतही ती हिरवीगार राहिली. सरकारी समितीची अट एकच होती : जाळीबाहेर पानसुद्धा जाता कामा नये.

आणि मावशीची नात तोदा हिच्या सासरी, जिथे एकही खजूर उरला नव्हता, तिथे यामनाला एक तरणे झाड डोलताना दिसले. तिने पान तपासून घेतले. त्यात तेच जनुक होते, शंकेला जागा राहिली नाही.

"मावशी, तोदाच्या परसातलं झाड कुठून आलं?"

"मी दिलं आंदण. लग्नात खजुराचा फुटवा न देता नातीला रिकाम्या हातानं धाडू? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या."

"जाळीतला दिलात?"

"मग कुठला देऊ? माझ्या बागेत दुसरं जिवंत काय उरलंय? तुझ्या बेडकाचंच पोर दिलं. वऱ्हाडी हसले, रात्री डरांव डरांव करील म्हणून. एकदाही ओरडलं नाही हो!"

यामनाला हसू आले. पण ओठांपर्यंत यायचा कंटाळा करून ते मागेच राहिले.

"समितीची माणसं येतायत. ते झाड मी आपण होऊन जाळलं आणि तसं कळवलं, तर बाकीची बाग कदाचित वाचेल. लपवलेलं सापडलं, तर सगळीच जाळतील."

मावशी म्हणाली, "गाव समजेल, तुझं झाडही थकलं. निरोगी होतं म्हणून सांग की सगळ्यांना!"

"सांगितलं, तर घरटी एक माणूस फुटवा मागायला तुमच्या दारात उभा राहील. तुम्ही नाही म्हणाल?"

मावशीने डोक्यावरची ओढणी सारखी केली. फुटवा मागणाऱ्याला तिच्या घराण्यात कोणी विन्मुख पाठवले नव्हते.

"नाही म्हणवणार," ती हळूच म्हणाली.

सकाळी मावशीला घेऊन यामना तोदाच्या परसात गेली आणि तिने स्वतः कुदळ धरली. बुंधा चिरला, आत रोगाची तांबूस रेघ कुठेही नव्हती. तिने तो झटकन झावळ्यांखाली ढकलला आणि काडी ओढली. धूर पाहून तोदाचा सासरा बासू धावत आला.

"यामनाबाई, हेसुद्धा थकलं?"

यामनाने मावशीकडे पाहिले. मावशीने ओढणीचे टोक ओठांवर दाबले.

"हो, बासूभाऊ. थकलं."

"आम्हाला तर हिरवंच दिसत होतं बुवा. तुम्हा शिकलेल्यांची नजर बारीक." तो ओशाळवाणे हसला. "मनाला लावून घेऊ नका. आमच्या बापजाद्यांना जे जमलं नाही, ते तुम्हाला तरी कसं जमणार?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, निव्वळ माया होती. आणि तीच सोसवेना. तोदाने चहा आणला, पेला खाली ठेवला आणि ती आत निघून गेली. यामना उन्हातच जमिनीवर बसली. समितीला काय आणि किती लिहायचे, याची वाक्ये ती मनात जुळवू लागली. पण पहिल्याच वाक्याशी पुन्हा पुन्हा अडखळत राहिली.