शेवटचा फर्मा

आपल्या बाईंची नवी कादंबरी आली, तेव्हा त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. 'आपल्या बाई' म्हणजे लेखिका. मायलेकींनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं, पण तिच्याविषयी बोलायच्या अशा, की शेजारणीला ती नात्यातलीच वाटावी. प्रेम, संशय, एखादा खून आणि शेवटी गळ्यात गळा, हा बाईंचा ठरलेला माल. पण तो त्या अशा काही खपवायच्या, की गॅसवर दूध उतू गेलं तरी वाचणारीला पत्ता लागत नसे.

दोघींची एक रीत होती. पुस्तक एकच आणायचं आणि खुणा दोन घालायच्या. लेकीने दुपारी वाचायचं, आईने कामावरून आल्यावर. जी पुढे असेल तिने चकार शब्द काढायचा नाही. लेक शाळेत होती तेव्हापासून ही रीत कधी मोडली नव्हती.

या खेपेला लेक माहेरी आली होती ती प्लास्टरमधला हात घेऊन. सासरी जिन्यावरून पडली. आल्या आल्या म्हणाली, पाय घसरला. मग एकदा आई तिची वेणी घालत होती, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याचा हात होता माझ्या पाठीवर. धरायला आला होता की काय, कळलंच नाही मला."

आईला कळलं. "ढकललं त्याने तुला."

लेक गप्प राहिली. त्या गप्प राहण्यालाच आईने होकार मानला आणि तेव्हापासून घरात तेच खरं होऊन बसलं. जावई रविवारी यायचा, बाहेरच्या खोलीत खाली मान घालून बसायचा, पुन्हा पुन्हा एकच म्हणायचा, "मी धरायला गेलो होतो, आई." आई पाणी द्यायची आणि दार सताड उघडं ठेवायची. माणूस गोड बोलायचा. तेच तर आईच्या डोक्यात जायचं.

कादंबरीतल्या नायिकेलाही वाटत होतं, की नवरा आपल्या जिवावर उठलाय. लेक अशी रंगली की जेवताना पुस्तक मांडीवर. "आई, हा माणूस खोटा आहे गं," असं आपणहून म्हणाली, आणि आईला बाईंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. महिनाभर घसा कोरडा करून जे साधलं नव्हतं, ते बाई बसल्या जागी करत होत्या.

मग आई लेकीच्या पुढे गेली आणि शेवटावर जाऊन आपटली. सगळं पुस्तकभर नवऱ्याकडे बोट दाखवून शेवटच्या प्रकरणात कुठून तरी एक माळी उपटला. ना त्याचा आगा ना पिछा. खुनी म्हणे तोच, आणि नवरा बिचारा बायकोला वाचवण्यासाठी लपूनछपून फिरत होता. नायिका रडत रडत नवऱ्याची माफी मागते, तो तिला माफ करतो, आणि संपलं. असा भिकार शेवट बाईंनी आयुष्यात लिहिला नव्हता. थकल्या असतील, घाईत असतील, देव जाणे. आईचं डोकं सणकलं. लेकीची खूण अजून मागे होती, पण फार मागे नव्हती.

आई बाइंडिंगच्या कारखान्यात होती. छापलेले मोठे कागद दुमडून एकेक फर्मा करायचा, फर्मे एकावर एक रचून शिवायचे, पाठीला सरस लावून पुठ्ठा चढवायचा, यात तिची उमर गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक पिशवीत घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत खोललं. शेवटच्या फर्म्याची शिलाई उसवली, फर्मा काढला, पुन्हा सरस लावून पुस्तक दाबाखाली ठेवलं. फाडाफाडी नाही, कापाकापी नाही. पुस्तक जणू जन्मतःच अर्धवट होतं.

अर्ध्या वाक्यावर गोष्ट थांबली तेव्हा लेक कळवळली. "छापखान्याची चूक," आई म्हणाली. "होतं असं. बदलून आणते." दोन दिवस चालढकल केली आणि मग म्हणाली, दुकानात प्रत उरली नाही, पण कारखान्यातल्या एकीने वाचलंय, शेवट सांगितलाय तिने. ऐकतेस?

लेकीने ऐकला. नवराच गुन्हेगार निघाला, पकडला गेला. नायिका नोकरीला लागली आणि दोन खोल्यांच्या घरात सुखाने राहिली. आईने बाईंपेक्षा बरं जमवलं होतं. लेक डोळे पुसत म्हणाली, "मी नाही जाणार परत." आईने तोंड फिरवलं, कारण तिलाही रडू आलं होतं.

रविवारी जावई आला तो कागदात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन. "तुमच्या बाईंचं नवीन आलंय म्हणे," तो लेकीला म्हणाला. "दुकानात ढीग लागलाय."

तो गेल्यावर लेक तिथेच खुर्चीत बसून शेवटचं प्रकरण वाचत राहिली. मग तिने दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि आईच्या प्रतीच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"सरस नवा आहे," ती म्हणाली.

आईने नाही म्हटलं नाही. "तुझ्या भल्यासाठी केलं, बाळा."

"आणि जिना? मी फक्त हात होता म्हणाले होते. ढकललं हे तू म्हणालीस."

"मग तू का नाही तेव्हा नाही म्हणालीस?"

"मला माहीत नव्हतं. अजून नाही. तुला कसं माहीत होतं?"

आईपाशी उत्तर होतं, महिनाभर रोज तेच देत आली होती. आता ते सोडून तिने जावयाने आणलेली प्रत पुढे ओढली. तिने शेवटचा प्रयत्न केला. "तो शेवट तरी तुला पटतो का? माळी? शपथेवर सांग."

"नाही पटत. भिकार आहे," लेक म्हणाली. "पण मला तोच हवा होता गं."

पुढच्या रविवारी ती गेली. जावयाने बॅग उचलली, आईला वाकून नमस्कार केला, "काळजी करू नका" म्हणाला. आईने लेकीला जवळ घेतलं, "काही झालं तर मला सांग" म्हणाली. लेकीने मान हलवली, पण कुणी तिऱ्हाईत बाईने पत्ता विचारावा आणि आपण उगाच मान हलवावी, तशी. आई दारात उभी राहिली. पूर्वी ही पोरगी वेणी घालून घेताना भिंतीकडे बघून का होईना, काहीतरी बोलायची. आता यापुढे कधीही फोन आला तरी ती पाय घसरला एवढंच सांगणार होती.