नखभर खाच

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या अंगाला होतो. आता इट्टूप नावाच्या रबरबागवाल्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा असतो. वरच्या पत्र्याला भोक आहे. त्यातून पाणी गळतं, माझ्या पोटात साचतं आणि त्यावर डास बसतात. तरी मला कुणी फेकून देत नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

सुरुवातीपासून सांगतो. घाई करू नका. घाईचं काय झालं ते पुढे येईलच.

माझा जन्म झाडाच्या सालीत झाला. इकडे दक्षिणेत, ईराट्टुपेट्ट्याच्या डोंगरउतारांवर बघाल तिकडे रबराची झाडं आहेत. पहाटे उठून सालीवर सुरीनं तिरकी खाच मारायची, की पांढरा चीक थेंबथेंब करवंटीत उतरतो. पण खाच मारणं हे येरागबाळ्याचं काम नाही. सुरी साल कापून थांबली पाहिजे. आतल्या लाकडाला टोक लागलं, की झाड जन्मभर गाठ धरतं. इट्टूपनं चाळीस वर्षं सुरी चालवली, पण त्याच्या बागेतल्या एकाही झाडाला गाठ नव्हती. पंचक्रोशीतले लोक ही झाडं बघायला येत.

त्या चिकाच्या शीट करतात, धुरावर वाळवतात, कारखान्यात पाठवतात. तिथं काजळी आणि गंधक मिसळून मला साच्यात भाजलं, आणि अंगभर खोल खाचा उमटल्या. हजार बागांचं रबर तिथं एकत्र होतं, त्यामुळे मी नेमका कुणाच्या झाडाचा हे देव जाणे. इट्टूप मात्र मला गाडीला लावलं त्या दिवशीच छातीठोकपणे म्हणाला, "हे आपल्या झाडांचं आहे. वास बघ की."

"होय अप्पच्चा," त्याची लेक रोसिली म्हणाली, "त्याच्या नाकाचा शेंडासुद्धा तुमच्यासारखाच आहे."

अशी होती ती! तोंडाची फटकळ, आणि हात लोण्यासारखे मऊ. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणारी नर्स होती. जखमा धुवायच्या, कुशी बदलायच्या, कळा थांबवायचं औषध द्यायचं, आणि निघताना एखादा टोमणा मारून हसवायचं. आई गेल्यापासून घरात दोघंच. सकाळी ती कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, उकडून मिरचीची चटणी वाटून ठेवायची, इट्टूप बागेतून येऊन खायचा, आणि मग ती गाडी काढायची.

मी तिला चार वर्षं वाहिलं. त्या खाचा म्हणजे माझी शोभा, असं मला वाटायचं. गाढव होतो. रस्ता ओला असतो तेव्हा माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये पाणी येतं. एका वेळी माझा रस्त्याला टेकलेला भाग तुमच्या तळहाताएवढाच असतो, आणि अशा चार तळहातांवर अख्खी गाडी उभी असते. तिथलं पाणी पळायला वाट हवी. ती वाट म्हणजे खाचा. गाडी जितकी वेगात, तितकं जास्त पाणी क्षणात बाजूला काढावं लागतं. खाच खोल असली तर पाणी तिच्यात शिरून मागे आणि बाजूला उडतं, आणि माझं रबर रस्त्याला धरून राहतं. इथं सहा महिने पाऊस. मी किती पाणी उपसलं असेल! कधी दमलो नाही.

पण झिजलो. चार वर्षांत खाचा जवळजवळ पुसल्या गेल्या. इट्टूप वाकून बघायचा. खाचेत अंगठ्याचं नख घालायचं, ही त्याची मापायची पद्धत. झाडावरही तो तसंच मापायचा. नवा होतो तेव्हा त्याचं अख्खं नख माझ्यात बुडायचं. कर्किडकम महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, त्यानं नख घातलं, तर ते कुठं बुडेचना.

"अप्पच्चा, चारी बदलून टाकते," रोसिली म्हणाली.

"बदलायचं कशाला? घरचं रबर आहे. माझा हात काय केळी सोलायला आहे?"

कर्किडकमात झडीचा पाऊस असतो, झाडांना सुरी लावता येत नाही. हाताला काम नसलं की इट्टूपला अन्न गोड लागत नसे. त्यानं शेगडी पेटवली, सुरीचं पातं तापवलं, आणि माझ्या पुसलेल्या खाचा पुन्हा कोरायला बसला. एकेका टायरला तीन-तीन दिवस लागले. मित्रांनो, ती सुरी अंगाला लागली तेव्हा मला काय वाटलं, कसं सांगू? मी पुन्हा झाड झालो. त्याच हातानं कधीकाळी मला जन्माला घातलं असेल, अशी माझी खात्रीच पटली. माझ्या पोटात तारा आहेत. सुरी त्यांच्या जवळ आली की तो श्वास रोखायचा, आणि नेमका अलीकडे थांबायचा. एका तारेलाही त्यानं धक्का लावला नाही. लाकडाला न लागू देणारा हात होता तो.

काम झालं आणि मी नवा दिसायला लागलो. नाक्यावरचा चहावाला दिवाकरन दुकान सोडून बघायला आला. तो इट्टूपला चेट्टा म्हणायचा, म्हणजे दादा.

"अरे देवा! इट्टूप चेट्टा, आता झाडं सोडा आणि टायरच कोरा. चंद्रालासुद्धा नक्षी काढून द्याल तुम्ही!"

"आधी तुझ्या चहात दूध घाल," इट्टूप म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. चार दिवस नाक्यावर दुसरा विषय नव्हता. मीही फुशारलो. वाटेल त्या गाडीशेजारी उभा राहून मी मिरवलो.

कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोरल्यावर इट्टूपनंही नख घालून बघितलं नाही. तारांच्या वर रबरच किती उरलं होतं? तारांना न लागू देता कोरायची म्हणजे खाच उथळच राहणार. दिसायला खाच, पण पाणी मावायला जागा नाही. हात कच्चा असता तर एखादी तार दिसली असती, आणि त्याच दिवशी मला काढून टाकलं असतं. इट्टूपचा हात पक्का होता, तिथंच आमचं नशीब फुटलं.

कुणाच्या ध्यानात आलं नाही म्हटलं, ते खरं नाही. एकीच्या आलं.

कन्नी महिन्याच्या अखेरची, ऑक्टोबरातली गोष्ट. आदल्या दिवशी रिमझिम पावसात मी एका वळणावर जरासा सरकलो होतो. सकाळी इट्टूप बागेत असताना रोसिली अंगणात आली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि तिनं बापासारखंच अंगठ्याचं नख माझ्या खाचेत घातलं. नखाचा पांढरा काठ तेवढा आत गेला. मग माझ्यावर टिचकी मारून म्हणाली, "पेरुन्नाळ झाली की नवे घालते. पाहुणे येतील, अप्पच्चन सगळ्यांना तुझी नक्षी दाखवतील. दाखवू देत. तोवर हळू चालवीन. अप्पच्चनला सांगू नकोस हं."

पेरुन्नाळ म्हणजे त्यांच्या चर्चची जत्रा. तिला सोळा दिवस होते.

ती खरंच हळू चालवायची. मागच्या गाड्या भोंगे वाजवून हैराण व्हायच्या, ही खिडकीतून हात काढून म्हणायची, "जा बाबा, तुझी बायको वाट बघतेय!" असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी कुरियन म्हाताऱ्याच्या घरून फोन आला. हाडांत दुखणं शिरलेला म्हातारा कळांनी ओरडत होता, घरातलं औषध संपलं होतं. आकाश काळंभोर झालं होतं. तुळाम महिना लागला होता, आणि त्यातला पाऊस दुपारीच कोसळतो, विजा घेऊन.

इट्टूप दारात उभा होता. "मोळे, पोरी, पाऊस ओसरू दे."

"पाऊस ओसरेपर्यंत कळा थांबतात होय? त्यांचं ओरडणं फोनवर ऐकलं मी."

"मग जा. निर्धास्त जा. तुझ्या बापाच्या हातची नक्षी आहे खाली."

तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं. सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं होतं, मी बघितलं. पण ती म्हणाली, "आहेच मुळी. कप्पा झाकून ठेवलाय, मांजराला घालू नका."

डोंगर उतरेपर्यंत ती जपून होती. खाली नदीकाठचा नवा सरळ रस्ता लागला. गुळगुळीत, रुंद. पुन्हा फोन वाजला, तिनं तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला, आणि त्यातून म्हाताऱ्याच्या सुनेचं रडणं गाडीभर ऐकू यायला लागलं. "पोचले, पोचले," रोसिली म्हणाली आणि तिनं वेग वाढवला. रस्त्याच्या सखल भागात पाण्याची चादर पसरली होती. बोटभरसुद्धा खोल नव्हती.

मित्रांनो, मी त्या पाण्यात शिरलो आणि पाणी माझ्यात मावेना. एका खाचेतून पळेना, दुसरीतून पळेना. ते माझ्या पुढे साचलं, मग माझ्या खाली घुसलं, आणि त्यानं मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याखाली रस्ता नव्हता. तिनं चाक वळवलं, मी वळलो, पण गाडी वळली नाही. तिनं ब्रेक दाबला, मी थांबलो, गाडी थांबली नाही. मी रस्ता शोधत होतो हो! केसभर पाण्यापलीकडे होता. माझा हात पोचेना. पुढे मोरीचा दगडी कठडा होता.

"अप्पच्चा" एवढंच ती म्हणाली.

कुरियनच्या घरी औषध दुसऱ्या कुणीतरी नेलं. पोलिसांनी कागदावर पाऊस आणि वेग असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. तिला मोठ्या घंटेच्या आवाजात चर्चमागे पुरलं, आणि पेरुन्नाळीची तोरणं तशीच लटकत राहिली.

महिन्यानं इट्टूप मोडक्या गाडीकडे आला. चार टायरांतून त्यानं मला निवडलं. माझ्यावर त्याची सगळ्यात सुबक नक्षी होती, आठवण म्हणून ती त्याला हवी होती. खांद्यावर घालून घरी आणलं, शेडमध्ये ठेवलं, हातानं पुसलं. सवयीनं अंगठ्याचं नख खाचेत घातलं.

पांढरा काठ तेवढा आत गेला.

त्यानं दुसऱ्या खाचेत घातलं. तिसऱ्या. सगळ्या अंगावर तो नख घालत फिरला. मग खाली बसला आणि त्यानं जो हंबरडा फोडला, तो ऐकून दिवाकरन नाक्यावरून धावत आला. "चेट्टा, काय झालं? चेट्टा!" इट्टूपनं त्याला नुसता आपला उजवा हात दाखवला.

त्या दिवसापासून त्यानं सुरी धरली नाही. झाडांच्या सालीवरच्या खाचा भरून आल्या, करवंट्या उपड्या पडल्या. पावसाचा दिवस असला की तो नाक्यावर जाऊन बसतो. चहाला गाडी थांबली की उठतो आणि तिच्या टायरांत नख घालत फिरतो. नवखे ड्रायव्हर हसतात. "काय आजोबा, खाज सुटली का?" मग दिवाकरन चहाचा पेला देताना त्यांना हळूच काहीतरी सांगतो, आणि ते हसायचे थांबतात. काही जण टायर बदलून पुन्हा येतात आणि मुद्दाम त्याला दाखवतात. तेव्हा तो नुसती मान हलवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर पावसाआधी तिच्या टायरांत एकदा नख घालून बघा. बुडालं नाही तर घरच्यांना सांगा. ते रागावतील, त्यांचा मान दुखावेल, तरी सांगा. माझं एवढंच मागणं आहे.

इट्टूप आता बोलतो तो फक्त माझ्याशी. रोज सांजेला शेडमध्ये येतो, माझ्या पोटातलं पाणी करवंटीनं काढून टाकतो आणि तेच विचारतो.

"तिला ठाऊक नव्हतं ना रे? ठाऊक असतं तर बोललीच असती. माझी पोर काही मनात ठेवणारी नव्हती."

आणि वाट बघत बसतो, मी जणू आता बोलेन. अंधार पडतो. मला बोलता येत नाही. आलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? ती मला सांगू नकोस म्हणाली होती.