कुणाची रेकॉर्ड जास्त झिजली?

कॅन्टीनच्या बाईंनी मिस्त्रीला निरोप धाडला तो एवढाच, की येताना हत्यारं आणा आणि मन घट्ट करून या. मिस्त्रीला वाटलं, ज्यूकबॉक्सची मोटर जळली. येऊन बघतो तर मोटर ठणठणीत. दिवे लागत होते, आतली चकती फिरत होती, हात खाली येऊन रेकॉर्ड उचलत होता.

"बिघडलंय काय मग?" त्याने विचारलं.

"मशीन नाही बिघडलं, गिऱ्हाईक बिघडलंय," बाई म्हणाल्या. "पुस्तकबांधणी खात्यातल्या नव्या पोरी रोज माझं डोकं खातात. त्यांना त्यांची गाणी हवीत. जुन्यातलं एक ठेवा, लोकांना सगळ्यांत आवडतं ते. बाकीच्यांना नारळ द्या."

हे कॅन्टीन छापखान्याचं. दुपारच्या सुट्टीत शाईने बरबटलेले हात आणि कागदाच्या धुळीने पांढरे झालेले केस घेऊन माणसं इथे येत, चहा-पाव खात, आणि कुणीतरी मशीनमध्ये नाणं टाकी. मिस्त्रीने उभा जन्म ज्यूकबॉक्स दुरुस्त करण्यात घालवला होता. एके काळी शहरभर त्याची मशीनं वाजायची. आता एवढं एकच उरलं होतं.

त्यात जुने म्हणावेत असे गायक तिघेच. रॉक अँड रोल नवंनवं होतं आणि थोरली माणसं ते ऐकून कानांवर हात ठेवायची, त्या काळातले. मशीनच्या बटणांपाशी लावलेल्या चिठ्ठ्यांवरची त्यांची नावं वाफेने कधीच पुसून गेली होती, म्हणून छापखान्याने आपली नावं ठेवली होती. पहिला झुलपेवाला. कपाळावर केसांची बट, गाताना ओठांचा एक कोपरा वर. सिनेमातही गेला. कामगारांच्या निम्म्या कपाटांना आतून त्याचा फोटो चिकटवलेला असे. दुसरा पियानोवाला. हा बसून वाजवायचं सोडून उभा राहायचा, हात थकले की कोपराने वाजवायचा, आणि म्हणतात एकदा बुटाने वाजवलं. तिसरा खरखऱ्या. खडीवरून पत्रा ओढत न्यावा तसा त्याचा आवाज. तिघांत आधी गायला तो हाच. जाणती माणसं म्हणत, बाकीच्या दोघांनी ह्याच्याच ताटात जेवून ढेकर दिला.

मग मागाहून आलेला झुलपेवाला घरोघरी कसा पोचला, आणि हा पहिला गडी दारातच कसा राहिला? मिस्त्रीला हा प्रश्न जुनाच होता. दाढेत कण अडकावा तसा. जीभ तिथेच जाई.

पण आज त्याला घोर लागला तो वेगळ्याच कारणाने. त्याचा मेहुणा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता आणि त्याने बाईंचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

मेहुण्याला सगळे 'खुर्चीराव' म्हणत. तरुणपणी तो ढोल-ताशे नव्हे, लग्नसमारंभातल्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. खरखऱ्या ह्याच शहरातला; मशीनमधल्या त्याच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं त्या दुपारी ड्रमचं कातडं फाटलं आणि ह्या पठ्ठ्याने स्टुडिओतली कातडी बैठकीची खुर्ची पुढे ओढून तीच बडवली. रेकॉर्डवर ठोका आहे तो खुर्चीचा. पुढे बँड मोडला, मेहुणा छापखान्यात लागला, तिथूनच निवृत्त झाला. खुर्चीची गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली, की कुणी खरी मानीना, आणि नाव मात्र चिकटलं.

"अरे, काळजी कशाला?" मिस्त्री त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला. "निघालीच रेकॉर्ड तर तुला देतो. घरी बसून ऐक की निवांत."

"घरी तर मी माझं घोरणंही ऐकतो, भावजी," मेहुणा म्हणाला. "त्यात काय मजा? इथे ते लागलं ना, की मी टेबलांखाली बघतो. माणसं वर भांडत असतात, पगारावर, साहेबावर, आणि खाली त्यांचे पाय माझ्या खुर्चीवर चालत असतात. त्यांच्या लक्षातही नसतं." त्याने चहाची बशी उगाच पुसली. "तेवढं एक बंद होईल. बाकी काही नाही."

आता आवडतं कोण, हे ठरवायचं कसं? बाई म्हणाल्या, हात वर करा. झुलपेवाल्यासाठी हातच हात.

"थांबा थांबा," मिस्त्री म्हणाला. "माणूस तोंडाने एकाचं नाव घेतो आणि नाणं दुसऱ्यालाच टाकतो. घरात बायकोला विचारा, बाहेर हॉटेलवाल्याला विचारा, दोन वेगळी उत्तरं मिळतील."

"गाणं टिकतं कुठलं, मी सांगते," बांधणीतली एक जाडजूड बाई म्हणाली. "भांडी घासताना म्हणता आलं पाहिजे. पियानोवाल्याचं म्हणायला गेले तर दोन कप फुटले."

"रूप लागतं हो रूप!" दुसरी म्हणाली. "खरखऱ्याचा फोटो पाहिलाय का? गाणं ऐकून प्रेमात पडावं आणि फोटो बघून माहेरी यावं."

हसण्याचा एकच गलका झाला. मिस्त्री मात्र मशीनकडे बघत होता. असल्या मशीनमध्ये कुठलं गाणं किती वाजलं ते दाखवणारे काटे असतात, पण ह्याचे केव्हाच अडकून पडले होते. एकाएकी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"रेकॉर्डच बघू ना!" तो म्हणाला. "सुई फिरून फिरून रेकॉर्ड झिजते. काळी असते ती राखाडी पडते. जिची झीज जास्त तिचे वाजवणारे जास्त. रेकॉर्डला खोटं बोलता येत नाही."

हे सगळ्यांना पटलं. बाईंनी शब्द दिला, की राखाडी असेल ती ठेवू. मिस्त्रीने काच उघडली, तिन्ही रेकॉर्ड टेबलावर मांडल्या आणि दिवा तिरका धरला. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली.

पियानोवाल्याची मधूनमधून फिकी पडली होती. झुलपेवाल्याची अशी लखलखत होती, की बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं. आणि खरखऱ्याची? चुलीतली राख बरी.

माणसं आणखी खाली वाकली. मग ती जाडजूड बाई म्हणाली, "अगं बाई! म्हणजे आपण ह्यालाच ऐकत होतो?"

मेहुण्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला, टोपी उचलली आणि बाहेर गेला. दारात त्याचा खांदा चौकटीला आपटला, तेही त्याला कळलं नसावं.

मिस्त्री घरी गेला तो मिशीला तूप लावल्यासारखा. बायको कांदा चिरत होती. त्याने सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. लखलखत्या रेकॉर्डपाशी आला तशी तिची सुरी थांबली.

"अहो, ती लखलखती रेकॉर्ड आणली कुणी?"

"कुणी म्हणजे?"

"मी! घाऊक बाजारातून! झुलपेवाल्याची रेकॉर्ड लोक वाजवून वाजवून पार घासून टाकायचे. तुम्ही म्हणायचात, आण गं एक नवी. ही तर मी हल्लीच आणली. कितवी ते देवाला ठाऊक."

मिस्त्री खाली बसला.

"पियानोवाल्याचीही बदलली आपण," बायको म्हणाली. "खरखऱ्याची मिळतच नव्हती, कंपनी बुडाली ना. ती पहिल्यापासून तीच आहे. आणि त्याचा आवाजच असा, की झिजली तरी कुणाला कळायचं नाही. तुम्ही उलटं वाचलंत सगळं. ज्याची रेकॉर्ड नवी, तो लाडका."

"चाळीस वर्षं हा धंदा केला मी," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला.

"केलात. पण खरेदी मी केली."

हसावं की रडावं त्याला कळेना. मेहुण्याचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. पण जरा वेळाने दाढेत एक नवाच कण टोचू लागला. ठीक आहे, रेकॉर्ड जुनी आहे. पण जुनी आणि न वाजलेली रेकॉर्ड काळीच राहते. ही राख झाली होती. कुणीतरी रोज वाजवल्याशिवाय अशी होत नाही. कोण?

"कोण म्हणजे?" बायको म्हणाली. "माझा भाऊ! जन्मभर एकटाच बसून स्वतःचीच आरती ओवाळत असणार."

मिस्त्रीलाही तेच वाटलं. बाईंना सांगण्याआधी त्याला सांगायला हवं म्हणून तो तसाच मेहुण्याकडे गेला. मेहुणा ओट्यावर बसून बूट घासत होता. मिस्त्रीने खाली मान घालून सगळं सांगितलं, बायकोने आणलेल्या रेकॉर्डसकट. मेहुण्याचा ब्रश हळूहळू थांबला.

"म्हणजे झुलपेवालाच," तो म्हणाला.

"झुलपेवालाच. चूक माझी. पण तू तरी किती वाजवावंस रे?"

"मी?" मेहुण्याने वर बघितलं. "भावजी, मी एकदाही नाणं टाकलेलं नाही."

"काहीतरीच!"

"ताईची शपथ. आपल्याच लग्नात आपणच टाळ्या वाजवायच्या का? मी दुपारी येतो ते संध्याकाळपर्यंत बसून वाट बघतो. कधी आठवड्यातून एकदा कुणीतरी लावतं. कधी तेही नाही."

मिस्त्री त्याच्याशेजारी ओट्यावर टेकला आणि हिशेब करू लागला. आठवड्यातून एकदा वाजून अशी राख होत नाही. म्हणजे जेव्हा मेहुणा तिथे नसतो तेव्हा कुणीतरी वाजवत होतं. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. उरली सकाळ.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीन उघडायच्या आधी दोघं मागच्या दाराशी हजर झाले. आत मशीन वाजतच होतं. खरखऱ्या गात होता. रिकाम्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, आणि माणूस एक नाही. गाणं संपलं. तोच स्वयंपाकघरातल्या खिडकीतून एक जाडा, ओला हात बाहेर आला, मशीनच्या मागे चाचपडला, कळ दाबली आणि परत गेला. खरखऱ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू.

ती कळ तपासणीची. नाणं न टाकता मशीन वाजवून बघायला मिस्त्री लोक वापरतात. मिस्त्रीनेच कधीतरी चहाच्या बदल्यात ती आचाऱ्याला दाखवली होती आणि दाखवून विसरला होता.

स्वयंपाकघरात आचारी मोठ्या पातेल्यापुढे उभा होता. वाफेत त्याचं नुसतं पोट दिसत होतं.

"काय करतोस रे हे?" मिस्त्रीने विचारलं.

"अंडी उकडतोय," आचारी म्हणाला. "दोनदा गाणं झालं की मऊ, चारदा झालं की कडक. सकाळच्या पाळीला दोन्ही लागतात."

"घड्याळ नाही का?"

"तीन लावली. वाफेने तिन्ही मेली. हा मरत नाही."

"पण हेच गाणं का?" मेहुणा पुढे झाला. "झुलपेवाल्याचं का नाही? ते तर सगळ्यांना आवडतं."

"मलाही आवडतं. कपाटात फोटो आहे माझ्या," आचारी म्हणाला. "पण इथवर येईस्तोवर त्याची नुसती भुणभुण होते, काका. पातेलं खदखदतंय, पलीकडे छपाईची मशीनं धडधडतायत. ह्या गाण्यात तो मागे कुणीतरी धोपटतोय ना, तो भिंतीतून येतो. बाकी गाणं काय आहे मला माहीत नाही. शब्द मी कधी ऐकलेच नाहीत."

तेवढ्यात बाई आल्या. मिस्त्रीने काही राखून न ठेवता सांगितलं, नव्या रेकॉर्डचं, आपल्या उलट्या हिशेबाचं, आणि अंड्यांचंही. बाईंनी पदर खोचला आणि विचार केला.

"मग लोकांना आवडतो तो झुलपेवालाच," त्या म्हणाल्या. "मशीनमध्ये तोच राहील. मी शब्द दिला होता तो खोट्या मापावर. आणि अंडी बिघडली तर हाच छापखाना मला कच्ची खाईल, म्हणून हा खरखऱ्या स्वयंपाकघरात. मिस्त्री, तुमच्या घरचा प्लेअर आणून इथे फळीवर ठेवा. वाफेपासून लांब."

मिस्त्रीने मेहुण्याकडे चोरून बघितलं. टेबलं गेली होती, पाय गेले होते. उरला होता एक आचारी, ज्याने शब्दसुद्धा ऐकले नव्हते. पातेल्याशेजारी एक पालथं खोकं होतं, त्यावर मेहुणा जाऊन बसला. गाणं चालूच होतं.

"काका, जरा सरका," आचारी म्हणाला. "आता ती जागा येईल."

"कसली जागा?"

"ह्या गाण्यात एका ठिकाणी तो ठोका चुकतो. सगळीकडे बरोबर, तिथेच मागे पडतो. मी तिथे पाण्यात मीठ टाकतो. मग अंडं फुटलं तरी बाहेर सांडत नाही."

मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं. त्या एका ठोक्यासाठी तो रेकॉर्ड निघाल्यापासून मनातल्या मनात मरत आला होता. बहिणीला नाही, बायकोला नाही, त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणाच्या कानावर आलं नाही म्हणून देवाचे आभार मानत होता.

आचाऱ्याने मूठभर मीठ घेऊन हात पातेल्यावर धरला. खरखऱ्या ओरडला, ठोका जरासा मागे राहिला, मीठ पडलं.

"खुर्ची सरकली होती," मेहुणा म्हणाला. "फरशी गुळगुळीत होती तिथली. मी पायाने धरून ठेवली होती, पण सरकली."

आचाऱ्याने प्रथमच वाफेतून वाकून त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचे हात बघितले.

"सरकली ते बरं झालं," तो म्हणाला. "नाहीतर मीठ मी कधी टाकलं असतं?" आणि झाऱ्याने एक अंडं काढून त्याने मेहुण्याच्या पुढ्यात ठेवलं. "मऊ आहे. सांभाळून."