ताकदीची सुई

सिस्टरबाईंचे पाय दुपारपर्यंतच जड व्हायचे, आणि आज तर तिसरा मजला चढायचा होता. एका गरोदर बाईची सुई चुकली होती. ती आपल्याच तोंडामुळे चुकली, हे त्यांना पायरीपायरीला आठवत होतं.

सात महिन्यांची पोटुशी ती सून सासूबरोबर दवाखान्यात आली होती. रक्तात सिफिलिस निघाला. हा आजार नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि गुपचूप पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. उपाय साधा, आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं, आणि नवऱ्यालाही औषध. पण सासू शेजारीच ठाण मांडून बसलेली, तिच्यादेखत बोलणार काय? सिस्टरबाई नेहमीचं वाक्य टाकून मोकळ्या झाल्या, "ताकदीची सुई आहे. तीन घ्यायच्या." त्या वाक्यानं वीस वर्षांत कितीतरी घरांतली भांडणं टळली होती. सुनेला पुढच्या खेपेला एकटीला गाठून सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढची खेप झालीच नाही. पहिल्या सुईला आज सतरावा दिवस होता.

दार सासूनंच उघडलं. "या, बसा. पण सुईचं नाव काढू नका हं! एकीतच पोट केवढं वाढलंय बघा. आणखी ताकद दिलीत तर बाळ इतकं मोठं होईल, की बाळंतपणात हिचा जीव जाईल. माझी दोन पोटातच गेली हो. हिला तरी जपू द्या."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, सिस्टरबाईंना कळेना. रक्तदाब बघायचा म्हणून त्यांनी सुनेला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. सून दंडावरच्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"मग ताकदीची का म्हणालात?"

"सासूबाई होत्या म्हणून. चुकलंच माझं."

"बाळाला झालं असेल?"

"ठाऊक नाही गं. पण अजून वेळ आहे. खंड पडला, म्हणून पुन्हा पहिलीपासून तीन. आणि नवऱ्याला आण. तो तसाच राहिला तर तुला परत होईल. घरात काय सांगायचं ते तू ठरव. मी आता काही रचणार नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तिघंही हजर. सून सुई घेऊन लंगडतच बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "जा, आता तुम्ही." तो मान खाली घालून आत गेला.

सासू ताडकन उठली. "ह्याला कशाला ताकद? हा काय बाळंत होणार आहे?"

"आई, ती ताकदीची नाही. माझ्या रक्तात आजार निघालाय, आणि तो जोडीनं असतो. बाळाला लागू नये म्हणून ही सुई."

सासू पुन्हा बाकावर टेकली. निघताना तिनं सिस्टरबाईंना दारात अडवलं.

"माझ्या वेळी होती का हो ही सुई?"

सिस्टरबाई फार दमल्या होत्या. 'नव्हती' म्हटलं की सुटका. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"होती," त्या म्हणाल्या. "तुमची बाळं कशानं गेली, ते मला ठाऊक नाही. पण सुई होती."

सासूनं पदरानं तोंड पुसलं.

"पुढची कधी?"

"पुढच्या बुधवारी."

"मी आणते दोघांना."